कूलरच्या मोटारीला तेल घालण्याआधी हे वाचा

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर खिडकीला लागतात आणि त्याच आठवड्यात आमच्या दुकानात मोटारींची रास पडते. तक्रार बहुतेकांची एकच: "बटण दाबलं की घूं करते, पंखा फिरत नाही. ठेवताना तेल घातलं होतं हो!"

कोणतं तेल घातलं, असं विचारलं की उत्तर मिळतं, खोबरेल.

खोबरेल किंवा गोडेतेल मोटारीत कृपया घालू नका. साध्या मोटारीत दांडा पितळी रंगाच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरतो. या बुशला बारीक छिद्रं असतात आणि त्याच्याभोवती तेल धरून ठेवणारा नमदा असतो. मोटार तापली की तेल बाहेर येतं, निवली की परत आत मुरतं. खाण्याचं तेल उष्णतेनं आणि धुळीनं चिकट होतं आणि हा नमदाच बुजवून टाकतं. मग वरून कितीही चांगलं तेल सोडलं तरी ते बुशपर्यंत पोचत नाही. अशी जाम मोटार चालू ठेवली की वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळतं. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण म्हणून चालत नाही. पंखा तेवढ्यापुरता मोकळा होतो, पण आतलं उरलंसुरलं तेल धुऊन निघतं.

20 नंबरचं पातळ मशीन ऑइल घ्या. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालेल. प्लग काढा, धूळ पुसा, दोन्ही टोकांना तीन-चार थेंब सोडा आणि पंखा हातानं फिरवा. जास्त घातलेलं तेल वाइंडिंगवर जातं, तिथे धूळ धरतं. दांडा धरून आडवा हलवून बघा. खडखड हलत असेल तर बुश झिजलाय, तेलानं भागणार नाही.

बेअरिंगच्या मोटारीत मात्र सीलबंद बेअरिंग असतं, त्यात ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. वरून तेल घालून उपयोग नाही. घरघर आली की बेअरिंगच बदलावं लागतं.

"चार थेंबांचे एवढे पैसे?" असं काही जण विचारतात. आम्ही मोटार उघडतो, बुश धुतो, नमदा बदलतो, मोटार सुरू व्हायला लागणारा कॅपॅसिटर तपासतो आणि जोडल्यावर अर्धा तास चालवून बघतो. मजुरी त्या कामाची आहे. वरवर तेल सोडून मोटार परत द्यायला आमचं मन घेत नाही.

हेच काम जुलै ते सप्टेंबर आणलंत तर दुसऱ्या दिवशी मोटार हातात मिळते. मार्चमध्ये आठ-दहा दिवस थांबावं लागतं आणि मेअखेरच्या कडक उन्हाच्या नवतपात तर आम्ही तारीखही देऊ शकत नाही. अख्खा कूलर आणू नका. नट काढून नुसती मोटार कॅपॅसिटरसकट आणा, आणि वायरी सोडण्याआधी जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.