आदिलखान (खानदेशचे फारूकी सुलतान)

खानदेशच्या फारूकी घराण्यात आदिल नावाचे चार राज्यकर्ते झाले. पहिल्या तिघांना आदिलखान, तर चौथ्याला आदिलशाह म्हणतात. विजापूरची आदिलशाही वेगळी. मात्र जुन्या मराठी लेखनात ‘आदिल’चे ‘एदल’ किंवा ‘इदल’ होत असल्याने दोन्ही घराण्यांची गल्लत अधूनमधून आढळते. पहिला, दुसरा हे क्रमांक आधुनिक इतिहासकारांनी सोयीसाठी लावलेले आहेत. समकालीन लेखक टोपणनाव किंवा पदवी जोडून हे सुलतान ओळखत.

पहिला आदिलखान (१४३७–४१) हा असीरगड घेणाऱ्या नासिरखानाचा मुलगा. कारकीर्द जेमतेम चार वर्षांची. तापीकाठच्या थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे) येथील फारूकी कबरींत त्याची कबर दाखवली जाते.

त्याचा नातू दुसरा आदिलखान (१४५७–१५०१) हा घराण्यातील सर्वांत दीर्घकाळ राज्य केलेला सुलतान. त्याचे मृत्युवर्ष काही जुन्या ग्रंथांत १५०३ असे येते. १५०१ अधिक ग्राह्य मानतात. ऐना या टोपणनावाने तो ओळखला जाई. गोंडवनाच्या बाजूस सत्ता वाढवून त्याने ‘शाह-इ-झारखंड’ ही पदवी घेतली. बुऱ्हाणपूरचा तापीवरील किल्ला व असीरगडाची मलई ही बाहेरची तटबंदी त्याच्याकडे जाते. गुजरातची खंडणी त्याने थांबवली, पण तिथला सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन आल्यावर ती भरावी लागली. त्याला मुलगा नव्हता; गादी भाऊ दाऊदखानाकडे गेली.

नामसाम्याचा खरा गुंता १५०८ मधला. दाऊदखान वारला, त्याचा मुलगा गझनीखान दहाच दिवसांत विषप्रयोगाने गेला आणि गादीवर दोन दावेदार उभे राहिले. दोघेही फारूकी, दोघांचेही नाव आलमखान. एकामागे अहमदनगरचा अहमद निजामशाह व वऱ्हाडचा इमादशाह, दुसऱ्यामागे महमूद बेगडा. बेगडा थाळनेरला येऊन बसला आणि एप्रिल १५०९ मध्ये आपल्या आलमखानास गादीवर बसवले. हाच तिसरा आदिलखान (१५०९–२०). नुसते ‘आलमखान’ एवढेच लिहिलेला उल्लेख वाचताना पाठीराखा कोण हे पाहिल्याशिवाय व्यक्ती ठरवू नये. नव्या सुलतानाने आदिल हे नाव का घेतले असावे? तो तोवर गादीवर असलेल्या शाखेतला नव्हता. दीर्घकाळ राज्य केलेल्या आधीच्या सुलतानाचे नाव घेऊन वारसा पक्का करण्याचा हेतू संभवतो.

चौथा आदिलशाह (१५७६–९७) मोगल लेखनात राजा अलीखान या नावानेच येतो. त्यामुळे एकच व्यक्ती दोन समजली जाण्याचा उलटा दोषही घडतो. तो तिसऱ्या आदिलखानाचा नातू. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली. तीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही असून त्याचा काल विक्रम संवत १६४६, शके १५११ (इ.स. १५९०) आहे. या लेखातील वंशावळ घराण्याचा संस्थापक राजा मलिक याच्यापासून गझनी (म्हणजे नासिरखान), केसरखान, हसन, एदल, मुबारक अशी चालत बांधणाऱ्या एदलशाहापर्यंत येते. तीत एदल दोनच आहेत. याला लेखकाची चूक म्हणण्याचे कारण नाही. ही राजांची यादी नव्हे, पितापुत्रांची परंपरा आहे. केसरखान व हसन गादीवर आलेच नाहीत, तर पहिले दोन आदिलखान दुसऱ्या शाखेतले म्हणून वगळले गेले. तवारिखांतील (फारसी इतिहासग्रंथांतील) क्रम व लेखातील वंश यांचा मेळ असा बसतो, आणि वंशापुरता लेखाचा पुरावा अधिक वजनदार मानावा. अकबराचे मांडलिकत्व पत्करल्यावर चौथा आदिलशाह १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने मारला गेला. तो पळाला असे समजून मोगल सैन्याने त्याचीच छावणी लुटली. प्रेत नंतर सापडले.

स्थलनामांत आदिल हे नाव जळगाव जिल्ह्यातील एदलाबाद या नावाशी जोडले जाते. ‘आदिल’चे ‘एदल’ होणे मशिदीच्या लेखाशी जुळते. चौघांपैकी कोण, याबाबत कारकिर्दीच्या लांबीवरून दुसरा किंवा चौथा अधिक संभवतो. या गावाचे नाव आता मुक्ताईनगर आहे.