मंगळावरची वाळू अजून चालतेय

गोव्यात मोरजी, मांद्रे, केरीच्या किनाऱ्याला ज्यांचं जाणं-येणं असतं त्यांना वाळूच्या टेकड्या काही नवीन नाहीत. वर मर्यादवेल पसरलेली असते आणि ती आहे म्हणूनच वाळू बऱ्यापैकी जागेवर राहते, वेल उपटून तिथे शॅक टाकला की काय होतं तेही आपण बघतोच. मंगळावर वेल नाही, गवत नाही, सगळी वाळू वाऱ्याच्या हवाली. पण वारा म्हणावा तर तिथे हवाच नावापुरती, दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ अंगावर घेतलं तरी आपल्याला ते झुळुकेएवढंच लागेल. मग वाळू हलते कशी?

हलते हे मात्र नक्की. क्युरिऑसिटी रोव्हर, म्हणजे नासाची मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, 2012 च्या ऑगस्टमध्ये गेल नावाच्या 154 किलोमीटर रुंद विवरात उतरला, विवराच्या मधोमध माऊंट शार्प हा साधारण पाच किलोमीटर उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी काळ्या वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. त्याला नाव दिलंय बॅग्नोल्ड ड्यून्स, राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरवरून, ज्याने लिबियाच्या वाळवंटात गाड्या घालून वाळू वाऱ्याने कशी वाहते याचा अभ्यास केला होता. वरून फिरणाऱ्या यानाच्या फोटोंवरून कळलं होतं की यातल्या काही टेकड्या वर्षाला एक मीटरपर्यंत सरकतात. 2015 च्या शेवटी रोव्हर तिथे पोचला. पृथ्वीबाहेर अशा चालत्या टेकडीला एखाद्या यंत्राने जवळ जाऊन बघायची ती पहिलीच वेळ.

वाळू हलण्याचं कारण असं सांगतात. पहिला कण उचलायला जोराचा वारा लागतोच, तो मंगळावर क्वचित येतो. पण एकदा कण उडाला की गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्केच असल्यामुळे आणि अडवायला हवाही फारशी नसल्यामुळे तो लांब उडी मारतो, वेग घेऊन खाली आपटतो आणि आपटताना आणखी कण उडवतो. म्हणजे सुरुवात अवघड, पण चालू झालेली वाळू मग बऱ्याच कमी वाऱ्यावरही चालू राहते.

टेकडीजवळचे फोटो आले तेव्हा खरी मजा झाली. आपल्याकडे कोरड्या वाळूवर वाऱ्याने बोटभर-वीतभर अंतराच्या वळ्या पडतात आणि त्यानंतर थेट मोठी टेकडी, मधलं माप सहसा दिसत नाही. मंगळावर मात्र छोट्या वळ्याही होत्या, टेकडीही होती आणि दोन्हीच्या मध्ये दोन-तीन मीटर अंतराच्या मोठ्या वळ्या, ज्यांच्या पाठीवर पुन्हा छोट्या वळ्या! 2016 मध्ये काही शास्त्रज्ञांनी म्हटलं की या मधल्या वळ्या आपल्या वाऱ्याच्या वळ्यांपेक्षा पाण्याखालच्या वळ्यांच्या जवळच्या आहेत. शापोरा नदीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी वाहून गेल्यावर ओल्या वाळूत ज्या राहतात ना, त्या जातीच्या, फक्त मंगळाची हवा इतकी विरळ की त्यांचा आकार फुगून मीटरांत गेला. दुसरे म्हणतात तसं काही नाही, या साध्या वाऱ्याच्याच वळ्या आहेत, तिथे त्यांना वाढायला वाव मिळाला इतकंच. वाद मिटलेला नाही, पण मला पहिली कल्पना जास्त आवडते, कारण ती बरोबर असेल तर जुन्या खडकात अशा वळ्यांचं माप बघून त्या काळी हवा किती दाट होती याचा अंदाज बांधता येईल.

वाळू काळी का? आपल्या बीचवर मुख्यतः क्वार्ट्झ आणि शिंपल्यांचा चुरा, तिथे मात्र बेसॉल्टचा भुगा, म्हणजे सत्तरीत वर जो काळा कातळ दिसतो त्याच जातीचा. त्यात ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज आहे, आणि ऑलिव्हिन पाण्यात फार टिकत नाही. आपल्या पावसात त्याचं काय होईल ते विचारूच नका. ते अजून शाबूत आहे म्हणजे ही वाळू बराच काळ कोरडीच फिरतेय.

रोव्हरला वाळूची भीती खूप, आणि ती उगाच नाही, कारण स्पिरिट रोव्हर 2009 मध्ये मऊ वाळूत रुतला तो परत निघालाच नाही. पण टोकदार दगडांनी क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना भोकं पडायला लागली तेव्हा 2014 मध्ये इंजिनिअरांनी उलट वाळूच बरी म्हणून त्याला एक मीटर उंचीची टेकडी चढवून पार नेलं. चाकांवर मोर्सच्या टिंब-रेषांच्या लिपीत जेपीएल (रोव्हर बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेचं नाव) ही अक्षरं कोरलेली आहेत, प्रत्येक फेऱ्याला ती मातीत उमटतात आणि त्या ठशांमधलं अंतर बघून चाक किती घसरतंय ते कळतं.

मग 2016 मध्ये मरे ब्यूट्स नावाच्या कड्यांमध्ये तो गेला. तिथल्या वालुकाश्मात तिरके थरांवर थर, अगदी टेकडीची वाळू उतारावरून घसरत बसते तसे. म्हणजे हा खडकच एके काळी चालती टेकडी होता! आणि तो बसलाय कशावर, तर तळ्याच्या तळाशी जमलेल्या चिखलाच्या खडकावर. आधी तळं, ते आटलं, वरचा थर झिजला, मग त्यावर वाळू चढली. पण ती वाळू दगड झाली ती जमिनीखालच्या पाण्याने, आणि दगड झाल्यावरही ते पाणी त्यातून गेलं, कारण भेगांच्या दोन्ही बाजूंना फिकट, सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य) भरपूर असलेले पट्टे सापडले. वर वाळवंट झाल्यावरही खाली पाणी फिरतच होतं.