चॅटमची गोदी: तटबंदी आणि थकलेले पगार

इंग्लंडच्या केंट परगण्यातली मेडवे नदी टेम्सच्या मुखाजवळ समुद्राला मिळते. पात्र नागमोडी, कडेला चिखलाची बेटं. आरमाराची मोठी जहाजं हिवाळ्यात इथे नांगरून ठेवत आणि त्यांची डागडुजी करत. त्यातूनच चॅटमची गोदी उभी राहिली. तिची सुरुवात साधारण १५६७ सालची मानतात. समोरच्या काठावर पहिल्या एलिझाबेथ राणीने अपनॉरचा किल्ला बांधून घेतला. पुढे नदीत आडवी लोखंडी साखळीही आली.

बंदोबस्त असा असूनही जून १६६७ मध्ये डच आरमार थेट आत घुसलं. कारण तटबंदीपेक्षा तिजोरीत शोधावं लागतं. राजा दुसऱ्या चार्ल्सकडे पैसा उरला नव्हता. डचांशी युद्ध संपलं नव्हतं, पण तहाची बोलणी चालू आहेत म्हणून मोठी जहाजं खलाशांविना उभी होती. खलाशांच्या हाती पगाराऐवजी चिठ्ठ्या पडत आणि त्या वटवताना निम्मं मोल हातचं जाई. नदीच्या मुखावरचा शीअरनेसचा किल्ला अर्धवट होता, तो लगेच पडला. मग साखळी तुटली. ‘रॉयल चार्ल्स’ हे राजाच्याच नावाचं जहाज डचांनी ओढून नेलं. त्याच्या पिछाडीवरचं कोरीव राजचिन्ह आजही अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. ‘रॉयल ओक’, ‘रॉयल जेम्स’ आणि ‘लॉयल लंडन’ जळाली. डच जहाजांवरून डचांना मिळालेल्या इंग्रज खलाशांच्या आरोळ्या आल्या: आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशांसाठी लढतोय. नौदल कचेरीतल्या सॅम्युअल पीप्सने हे तेव्हाच टिपून ठेवलं. खापर फुटलं गोदीचा आयुक्त पीटर पेट याच्यावर. ऐन धामधुमीत होड्यांतून त्याने जहाजांच्या लाकडी प्रतिकृती हलवल्या होत्या. डचांना जहाजांपेक्षा त्यांचंच मोल जास्त, हा त्याचा बचाव. मला तो पटतो, कारण जहाज कसं बांधायचं ते प्रतिकृतीत दिसतं. पण तेव्हा त्याची रवानगी लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात झाली.

गोदी मात्र वाचली. ‘व्हिक्टरी’ हे आरमारप्रमुख नेल्सनचं जहाज १७६५ मध्ये इथेच पाण्यात उतरलं. तोवर भीतीची दिशा बदलली होती: फ्रेंच फौज दुसरीकडे उतरून जमिनीवरून पाठीमागून येईल! म्हणून १७५० च्या दशकात गोदीमागच्या टेकडीवर खंदक आणि तटांची रांग उभारली. नेपोलियनच्या काळात तिथला अॅमहर्स्ट किल्ला वाढवला, खडूच्या खडकात भुयारं खोदली. शत्रूवर तिथून एकही तोफ डागावी लागली नाही.

मेडवेचा मुंबईशीही धागा आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं सागवानी जहाज ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरलं. ब्रिटन आणि चीनमधला १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. म्हातारपणी ते शीअरनेसला धक्का म्हणून वापरलं आणि १९५७ मध्ये मोडलं.

लोखंडी जहाजांसाठी १८६० च्या दशकापासून कैद्यांकडून नवे बंदिस्त धक्के खोदून घेतले. पुढे चॅटमभोवती किल्ल्यांचं कडं उभारायलाही कैदीच लावले. त्यांच्यासाठी बोर्स्टल गावात तुरुंग बांधला, आणि १९०२ पासून तिथे तरुण गुन्हेगारांसाठी सुधारगृह चालू झालं. १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्यातला शब्द तिथूनच आलेला.

विसाव्या शतकात गोदीने पाणबुड्या बांधल्या. सरकारने मार्च १९८४ मध्ये ती बंद केली. दोरखंडांचा कारखाना अजून चालू आहे.