धंद्यात बुडाला, राजदूत झाला आणि जंगलांवर पुस्तक लिहून बसला: जॉर्ज पर्किन्स मार्श

जंगल तोडलं की नद्या, माती, हवा सगळ्याचं गणित बिघडतं हे आज शाळेतल्या पोरालापण माहीत असतं. पण 1864 मध्ये हे 'मॅन अँड नेचर' या जाडजूड पुस्तकात पुराव्यासकट मांडणारा माणूस ना शास्त्रज्ञ होता ना जंगलखात्यातला साहेब, तो इटलीत नेमलेला अमेरिकेचा राजदूत होता (खरं तर दर्जा मिनिस्टरचा, म्हणजे अँबॅसॅडरच्या एक पायरी खालचा, कारण अमेरिका तेव्हा अँबॅसॅडर नेमतच नसे, ते 1893 पासून सुरू झालं).

जन्म 1801 चा, व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉकचा. बाप वकील. पोरगं इतकं वाचायचं की लहानपणीच डोळे बिघडले आणि वाचन बंद करावं लागलं, मग बापासोबत डोंगरात भटकणं वाढलं. पाणी इकडे का वाहतं, तिकडे का वाहतं, हे बापाने गाडीतून जाता जाता दाखवलेलं त्याला म्हातारपणापर्यंत आठवत होतं. आणि त्याच काळात आजूबाजूचे डोंगर उघडे पडत होते. आधी लाकूड, राख यासाठी झाडं गेली, मग मेंढ्या आल्या. गंमत म्हणजे या मेंढ्यासुद्धा एका डिप्लोमॅटनेच आणलेल्या, लिस्बनचा अमेरिकन कॉन्सल विल्यम जार्विस याने स्पेनच्या मेरिनो मेंढ्या व्हरमाँटमध्ये आणल्या आणि असं लोण पसरलं की 1840 च्या शिरगणतीत राज्यात मेंढ्या साधारण 17 लाख आणि माणसं तीन लाखसुद्धा नाहीत.

मार्श स्वतः यातून बाहेर होता असं अजिबात नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याने मेंढ्या पाळल्या, लोकरीची गिरणी चालवली, रेल्वेत पैसे घातले आणि जवळपास सगळ्यात मार खाल्ला. वकिलीत मन नव्हतं. 1833 मध्ये पहिली बायको आणि थोरला मुलगा काही दिवसांच्या अंतराने गेले. भाषा मात्र वीसेक यायच्या, आइसलँडिक व्याकरणाचं पुस्तक त्याने अमेरिकेत बसून केलं. 1843 मध्ये काँग्रेसवर निवडून गेला, तिथे मेक्सिकोच्या युद्धाला विरोध केला, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन ही संशोधन आणि संग्रहालयांची संस्था उभी राहिली त्यात हात लावला. 1847 मध्ये रटलंड काउंटीच्या शेतकऱ्यांपुढे भाषण करताना त्याने सांगितलं की झाडं तोडून आणि दलदली सुकवून आपण हवामानसुद्धा बदलतोय. पुस्तकाचं बी तिथे पडलं म्हणायला हरकत नाही.

1849 मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलरने त्याला मिनिस्टर म्हणून तुर्कस्तानला नेमलं. पगाराची गरज होतीच. तिथून 1851 मध्ये आजारी बायको कॅरोलाइनला घेऊन तो इजिप्त, सिनाई, जेरुसलेम असा फिरला, वाटेत साप-सरडे गोळा करून स्मिथसोनियनला पाठवत होता आणि उंटावर बसून डोकं चालवत होता की हा प्राणी आपल्या वाळवंटात चालेल. 1856 मध्ये त्याने उंटावर पुस्तकच काढलं. त्याच्या आसपास अमेरिकन लष्कराने खरोखर उंट मागवून टेक्सासमध्ये उतरवले, प्रयोग पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात बारगळला ते वेगळं.

पण या प्रवासाचा खरा उपयोग दुसराच झाला. जिथे एकेकाळी रोमन साम्राज्याची धान्याची कोठारं होती तिथे आता खडक आणि वाळू, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि घरचे उघडे डोंगर त्याला माहीत होतेच, म्हणजे एकीकडे सुरुवात आणि दुसरीकडे शेवट, दोन्ही एकाच माणसाने पाहिले.

1854 ला परत आला तेव्हा कर्जात बुडालेला. मग 1861 मध्ये लिंकनने नव्याने एक झालेल्या इटलीचा पहिला मिनिस्टर म्हणून पाठवलं आणि तिथे तो मरेपर्यंत, 21 वर्षं राहिला. पुस्तक लिहिलं ते जिनोव्हाजवळच्या पेलीत आणि तुरिनजवळच्या प्योबेझीतल्या एका जुन्या किल्लेवजा वाड्यात. फ्रेंच आल्प्समध्ये जंगल गेल्यावर ओढे कसे अंगावर येतात, वाळूचे ढिगारे गावं कशी गिळतात, कालवे, धरणं, सुएझसुद्धा, सगळं त्यात आहे. प्रकाशकाने विचारलं की माणूस निसर्गाशी जुळवूनच वागतो ना, तर याचं म्हणणं, छे, मला तर बरोबर उलटं दाखवायचंय. आणि विक्रीचे हक्क काय केले, तर यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांची सोय बघणाऱ्या सॅनिटरी कमिशनला देऊन टाकले! धंद्यात का बुडाला ते इथेच कळतं. भावाने आणि मित्रांनी ते विकत घेऊन त्याला परत दिले.

पुढे अमेरिकेत जंगलं राखायची जी चळवळ झाली, 1885 चा न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांची जंगलं राखायचा कायदा, 1891 मध्ये राष्ट्राध्यक्षांना मिळालेले वनं राखीव करायचे अधिकार, त्यातले बरेच लोक हे पुस्तक वाचलेले होते. आपल्याकडचा धागासुद्धा आहे, मद्रास इलाख्यात जंगलखातं उभं करणाऱ्या ह्यू क्लेगहॉर्नने 1868 मध्ये मार्शला पत्र लिहून कळवलं की तुमचं पुस्तक मी हिमालयात सोबत घेऊन फिरलोय. अर्थात इंग्रजांच्या जंगलखात्याने आदिवासींचं काय केलं तो हिशेब वेगळा, तो मार्शच्या नावावर टाकता येत नाही.

1882 च्या जुलैत तो व्हालोम्ब्रोसाला वारला, तिथे इटलीची वनविद्येची शाळा होती. रोममध्ये पुरलं. आणि अजून एक काम राहिलंच सांगायचं. वॉशिंग्टनमधला जो उंच स्तंभ (वॉशिंग्टन मॉन्युमेंट) फोटोत दिसतो तो पैशाअभावी कित्येक वर्षं अर्धवट पडला होता, पुन्हा काम काढलं तेव्हा मार्शने रोमहून इजिप्शियन स्तंभांची मापं कळवली की उंची पायाच्या रुंदीच्या दहापट हवी. पाया साधारण 55 फूट होता, म्हणून स्तंभ जवळपास दहापट, 555 फुटांचा झाला.