रोशेल तेल, गुलाबतेल आणि शुद्धतेच्या कसोट्या

गुलाबतेलाची शुद्धता मोजण्याच्या कसोट्या एकोणिसाव्या शतकात युरोपात घडल्या, पण ती वेळ आणली आपल्याकडच्या एका गवताने. सातपुड्याच्या पायथ्याशी नंदुरबार, तळोदे, शहादे, अक्राणी या भागात आणि पलीकडे नेमाडात रोशा गवत रानात आपोआप उगवते; काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून, पाण्याजवळ भट्टी लावून त्याचे तेल काढत. हे रोशेल तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना, तिथून इस्तंबूलला आणि पुढे कझानलिकच्या गुलाबपट्ट्यात पोचे. आज बल्गेरियात असलेला तो भाग १८७८ पर्यंत ऑटोमन सत्तेखाली होता. बाजारात या तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे नाव होते. जिरेनियमच्या झाडाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

भेसळीसाठी हेच तेल का, याचे कारण रसायनात आहे. रोशेल तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य, असते आणि गुलाबतेलातही जिरॅनिऑल हा मुख्य घटकांपैकी एक. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेही भारतातून आलेल्या याच गवती तेलातून. इस्तंबूलचे व्यापारी तेल लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळत आणि उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत. नंतर ते तयार गुलाबतेलात मिसळायचे, किंवा त्याहून हुशारीने, तेल काढायच्या डेगेत भरण्याआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडायचे. मग दोन्ही तेले एकत्रच उतरत आणि भल्याभल्या पारख्याचे नाक फसे.

नाक हरले तिथे थंडी कामाला आली. गुलाबतेलात स्टिअरॉप्टिन नावाचा मेणासारखा, वास नसलेला भाग असतो. बल्गेरियन तेलात तो बहुधा १५ ते २३ टक्के. त्यामुळे चांगले तेल सुमारे १९ ते २३ अंश सेल्सिअसला स्फटिक धरू लागते. रोशेल तेलात असे मेण नाही. ते जितके मिसळाल तितका गोठणबिंदू खाली येतो, म्हणून व्यापारी गोठणबिंदू बघून भाव ठरवू लागले.

मोजण्याची रीत साधी, पण घाई तिला चालत नाही. सुमारे १५ मिलिमीटर व्यासाच्या परीक्षानळीत १० मिलिलिटर तेल घ्यायचे. थर्मामीटर तेलात मधोमध टांगायचा, काचेला टेकू द्यायचा नाही. मुठीच्या उबेने तेल अपेक्षित बिंदूच्या चार-पाच अंश वर नेऊन नीट हलवायचे आणि मग आपोआप गार होऊ द्यायचे. पहिले स्फटिक दिसतील ते तापमान नोंदायचे. नळी एकदम बर्फात बुडवली तर काचेलगतचे तेल आधी गोठते, थर्मामीटर मात्र मधल्या तेलाचे तापमान सांगतो आणि वाचन चुकते.

भाव गोठणबिंदूवर ठरतो म्हटल्यावर गोठणबिंदूच बनवून देणारे निघाले. रोशेल तेलाने खाली आलेला आकडा वर चढवायला स्पर्मॅसेटी, म्हणजे देवमाशाच्या डोक्यातले मेण, घालत. ते पकडायला स्टिअरॉप्टिन वेगळे काढून तपासणे भाग पडले. लाइपझिगच्या शिमेल या सुगंधी तेलांच्या कंपनीच्या पद्धतीत ५० ग्रॅम तेल ५०० ग्रॅम ७५ टक्के अल्कोहोलबरोबर ७० ते ८० अंशांवर तापवून शून्य अंशापर्यंत गार करत. वेगळे झालेले मेण गाळून त्याच अल्कोहोलने पुन्हा शुद्ध करत. गुलाबाचे मेण साधारण ३३ ते ३६ अंशांना वितळते, स्पर्मॅसेटी चाळिशीच्या पुढे. शिवाय स्पर्मॅसेटीचा अल्कोहोलयुक्त कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कबरोबर उकळल्यावर साबण होतो, गुलाबाचे मेण जसेच्या तसे राहते. मग भेसळ करणारे ग्वायाक लाकडाच्या तेलाकडे वळले. ते तर ४० ते ५० अंशांनाच गोठते, पण त्याची घनता ०.९७ च्या आसपास, म्हणजे गुलाबतेलाहून बरीच जास्त असल्याने ते घनतेत सापडते. एक कसोटी चुकवायला घातलेला पदार्थ दुसऱ्या कसोटीत उघडा पडतो, आणि या परीक्षांची खरी ताकद मला यातच दिसते.

बाकीची साधने तोवर तयार होत होती. टर्पेंटाइन आणि लिंबाचे तेल ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल फिरवतात, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्यां-बातिस्त बियोने १८१५ मध्ये दाखवले होते. जर्मनीतल्या येना येथे अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी आपल्या अपवर्तनांकमापीचे (रिफ्रॅक्टोमीटरचे), म्हणजे तेलात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या उपकरणाचे, वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले आणि दोन थेंबांत मिनिटभरात आकडा मिळू लागला.

पण सुटा आकडा किती फसवतो ते एका हिशेबात दिसते. जुन्या मोजणीत बल्गेरियन गुलाबतेलाची घनता, तेल अर्धे गोठलेले राहू नये म्हणून ३० अंशांवर घेतलेली, ०.८४९ ते ०.८६२ आणि २५ अंशांवरचा अपवर्तनांक १.४५२ ते १.४६४ अशी दिली आहे. समजा तेल १.४५८ चे आहे आणि त्यात दहा टक्के रोशेल तेल घातले, ज्याचा अपवर्तनांक त्या तापमानाला १.४७२ च्या जवळपास असतो. मिश्रण येईल १.४५९४. घनताही ०.८५५ वरून फार तर ०.८५८ होईल. दोन्ही आकडे मर्यादेत! ध्रुवित प्रकाशाचे वळणही बेताचेच हलते: गुलाबतेल डावीकडे दोन-तीन अंश फिरवते आणि रोशेल जवळजवळ शून्य. दहा टक्क्यांच्या भेसळीचा सुगावा लागलाच तर तो गोठणबिंदू आणि मेणाच्या प्रमाणातूनच.

रोशेल तेलातही भेसळ होत होतीच. टर्पेंटाइन, खनिज तेल, खोबरेल ही नेहमीची नावे. तिथे ७० टक्के अल्कोहोल हे सर्वांत स्वस्त हत्यार. १ मिलिलिटर तेल मापाच्या नळीत घेऊन २० अंशांवर अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडायचे आणि दर वेळी हलवायचे. चांगले तेल तीन पट अल्कोहोलच्या आत स्वच्छ विरघळते. खोबरेल असेल तर थेंब तळाशी जमतात, रॉकेल असेल तर वर तरंगतात. मात्र तेलात भट्टीतले पाणी राहिले असेल तर शुद्ध तेलही गढूळ दिसू शकते, म्हणून आधी निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढून गाळून घ्यावे.

दुसरी अडचण रानातच आहे. रोशा गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, दिसायला सारखे. मोतियाचे तेल ते खरे रोशेल. जिरॅनिऑलच्या रेणूत असममित कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला, प्रकाश फिरवायला लागणारा) नसल्याने मोतियाचे तेल प्रकाश फारसा फिरवत नाही, साधारण उणे २ ते अधिक ३ अंश. सोफियाचे तेल मात्र त्याला कितीतरी जास्त फिरवते आणि त्याची घनताही ०.९० च्या वर जाते. पाती मिसळून कापली गेली असतील तर ती चूक पोलरिमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे हे वळण मोजणाऱ्या उपकरणात, लगेच कळते.

आपल्या हवेत सर्वांत जास्त चुका तापमानाने होतात. तापमान एक अंश वाढले की अपवर्तनांक सुमारे ०.०००४ ने आणि घनता सुमारे ०.०००७ ने घटते. मे महिन्यात धुळ्यातल्या खोलीत ३५ अंशांवर घेतलेले वाचन २० अंशांच्या कोष्टकाशी तसेच ताडले, तर फरक ०.००६ चा पडतो. रोशेल तेलाची सगळी मर्यादाच १.४७१ ते १.४७८ एवढी! म्हणजे चांगले तेल नाकारले जाईल किंवा भेसळीचे मान्य होईल. भारतीय मानकांत २७ अंशांवरचे आकडेही असतात, तेव्हा कोष्टक कोणत्या तापमानाचे हे आधी वाचावे. प्रिझम अल्कोहोलने पुसून, तेल ठेवल्यावर तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे. घनतेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

१९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी मांडली आणि तेलातला एकेक घटक वेगळा दिसू लागला. भौतिक कसोट्या तरी टिकल्या, कारण खरेदीच्या जागी रिफ्रॅक्टोमीटर आणि अल्कोहोलची नळी पुरते. त्या ढोबळ भेसळ नाकारतात, शुद्धतेचा दाखला देत नाहीत. रोशेल तेलात कृत्रिम जिरॅनिऑल घातले तर घनता, अपवर्तनांक, प्रकाशाचे वळण यांत काहीच बिनसत नाही. खनिज तेलापासून बनवलेले जिरॅनिऑल किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीत पकडता येते, कारण खनिज तेलात तो उरलेला नसतो. टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून बनवलेले तिथेही सुटते, कारण त्यातला कार्बन झाडाचाच असतो. मग क्रोमॅटोग्राफीच्या आलेखात सोबतचे बारीक घटक शोधावे लागतात: नेरॉल नेहमीपेक्षा जास्त आहे का, आणि रोशेल तेलात असायला हवेत ते लिनालूल, ओसिमिन, कॅरिओफायलिन आपापल्या प्रमाणात आहेत का.