‘ऐच्छिक’ उन्हाळा : अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंची सुट्टी कुठे गेली?

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या परीक्षा मे महिन्यात आटोपतात आणि नवे वर्ग ऑगस्टच्या अखेरीस भरतात. मधले तीन महिने सुट्टीचे. फुटबॉल (म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात तो), सॉकर, व्हॉलीबॉल, क्रॉस-कंट्री हे तिकडचे शरद ऋतूतले खेळ. त्यांचा हंगामपूर्व सराव ऑगस्टच्या सुरुवातीला लागतो, तेव्हा कागदावर तरी या खेळाडूंनाही जून-जुलै मोकळाच. प्रत्यक्षात मोठ्या विद्यापीठांचे फुटबॉलपटू जूनमध्येच कॅम्पसवर हजर असतात. उन्हाळी सत्रात एखाद-दोन विषय घेतात, सकाळी वजनं उचलतात, संध्याकाळी आपसात सराव करतात. यातल्या बऱ्याचशा घामाला कित्येक वर्षं एकच विशेषण लावलं गेलं : ‘ऐच्छिक’. ते आलं कुठून, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुळात सुट्टीतली सहल होती. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या विनिपसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत झाली. कल्पना होती एका रेल्वे कंपनीची. त्या भागात नवी गाडी सुरू झाली होती आणि तिला प्रवासी हवे होते. कंपनीने दोन्ही कॉलेजांच्या मुलांचा तलावाकाठच्या मुक्कामाचा खर्च उचलला. हार्वर्ड जिंकलं. कॉलेजचा खेळ, बाहेरचा पैसा आणि उन्हाळा या तिघांची गाठ अशी पहिल्याच दिवशी पडली.

एकोणिसावं शतक संपता संपता ही गाठ टोचू लागली ती बेसबॉलमुळे. उन्हाळ्यात समुद्रकाठची हॉटेलं, गिरण्यांची गावं, छोट्या लीगा यांना खेळाडू लागत आणि कॉलेजच्या पोरांना पैसा. ‘हौशी खेळाडूने खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत’ हा नियम मात्र कडक. मग पोरं टोपणनावाने खेळत. कोलंबिया विद्यापीठाचा एडी कॉलिन्स १९०६ मध्ये व्यावसायिक संघाकडून ‘सलिव्हन’ या नावाने उतरला होता. पुढे तो बेसबॉलमधल्या थोरांपैकी एक झाला, पण कॉलेजमधलं शेवटचं वर्ष त्याला खेळू दिलं नाही.

टोपणनाव घेण्याची हुशारी ज्याने दाखवली नाही त्याला जास्त मोजावं लागलं. जिम थॉर्प पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा विद्यार्थी. मूळनिवासी मुलांना ‘सुधारण्यासाठी’ चालवलेल्या या शाळेत सुट्टीतही मुलांना घरी न धाडता गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवण्याची पद्धत होती. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला, तेही स्वतःच्या नावाने. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. १९१३ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने ती जुनी बेसबॉलची गोष्ट छापली आणि पदकं काढून घेतली गेली. इतरही हेच करतात, फक्त नाव बदलून, असं त्याने पत्रात लिहिलं; उपयोग झाला नाही. तो १९५३ मध्ये वारला. पदकं कुटुंबाला परत मिळाली १९८३ मध्ये, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद झाली ती थेट २०२२ मध्ये. दोन उन्हाळ्यांच्या फुटकळ कमाईचा हिशेब मिटायला एक शतक लागलं.

खेळाऐवजी दुसरं काही काम करून पैसे मिळवले तर मात्र कुणाची हरकत नसे. इलिनॉय विद्यापीठाचा फुटबॉलपटू रेड ग्रेंज उन्हाळ्यात व्हीटन या आपल्या गावी घरोघरी बर्फ पोचवायचा. तेव्हा घरात फ्रिज नव्हते; लाद्या खांद्यावर घेऊन जिने चढायचे. हाच त्याचा व्यायाम आणि हीच त्याची मजुरी. ऑक्टोबर १९२४ मध्ये मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणे) केले आणि ‘व्हीटनचा बर्फवाला’ देशभर गाजला. शेत, बांधकाम, लाकूडतोड अशा कामांवर उन्हाळा घालवून सप्टेंबरमध्ये दणकट होऊन परतणारा गडी ही पुढची कित्येक वर्षं कॉलेज फुटबॉलची ओळख होती. १९२९ च्या कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने या चित्राची दुसरी बाजूही मांडली : खेळाडूंना लपूनछपून पैसा पुरवला जातो, आणि ‘नोकरी’ हे त्यातलं एक सोयीचं पांघरूण. १९५६ पासून एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने गुणवान खेळाडूंना उघडपणे शिष्यवृत्ती देण्याची मुभा दिली, तरी कामावर न जाताच पगार घेतल्याची प्रकरणं अधूनमधून निघत राहिली.

बर्फ वाहणाऱ्याची जागा वजनं उचलणाऱ्याने घेतली तो टप्पा नीट सांगायला हवा. साठच्या दशकापर्यंत बहुतेक कोच वजनांना घाबरत. स्नायू आखडतील, गडी संथ होईल, असा समज. त्यामुळे उन्हाळ्यात खेळाडू काय करतो याच्याशी कोचला फारसं देणंघेणं नसे. शरीर घडवायचं ते हंगामपूर्व शिबिरात, आणि तेही पिळून काढून. १९५४ मध्ये कोच बेअर ब्रायंटने टेक्सास ए अँड एमच्या संघाला जंक्शन या आडगावी नेलं. दुष्काळाचं वर्ष, अंगाची लाही करणारं ऊन, आणि सरावादरम्यान पाणी प्यायला मनाई. दहा दिवसांत संघ साधारण एक तृतीयांशावर आला. बरेच जण रात्रीच पळाले. एकाला उष्माघात झाला. एवढं करून त्या हंगामात संघ दहापैकी एकच सामना जिंकला. तरीही जंक्शनची कथा मर्दानगीची म्हणूनच सांगितली जाते. मला ती निव्वळ अडाणीपणाची वाटते.

नेब्रास्का विद्यापीठात १९६९ मध्ये वेगळी सुरुवात झाली. बॉइड एप्ली हा पोलव्हॉल्टर (बांबूउडी मारणारा) पाठीच्या दुखापतीमुळे वजनांच्या खोलीत व्यायाम करत असे. जायबंदी फुटबॉलपटू त्याचं बघून तेच करू लागले आणि तगडे होऊन परतले. सहायक कोच टॉम ऑस्बोर्नच्या ते नजरेत आलं. मुख्य कोच बॉब डेव्हानीने एप्लीला काम दिलं, पण एकही गडी संथ झाला तर तुला काढून टाकीन, अशी तंबी देऊन. १९७० आणि १९७१ ही दोन्ही वर्षं नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. मग प्रत्येक विद्यापीठाला ‘स्ट्रेंग्थ कोच’ हवा झाला, १९७८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. आणि बारमाही पगार घेणारा माणूस म्हटल्यावर त्याला बारमाही खेळाडूही लागणारच.

१९९१ मध्ये एनसीएएचा नियम आला : हंगामात सराव आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. उन्हाळ्यात सक्ती नाहीच. इथेच ‘ऐच्छिक’ या शब्दाला खरा भाव आला. कोचने बोलवायचं नाही, हजेरी घ्यायची नाही. पण जो आला नाही तो ऑगस्टमध्ये बाकावर बसतो, हे सगळ्यांना ठाऊक. आपल्याकडे सोसायटीची वर्गणी जितकी ऐच्छिक असते, तितकंच हे. अखेर संस्थेने वस्तुस्थिती मान्य केली. बास्केटबॉलला २०१२ पासून आणि फुटबॉलला २०१४ पासून उन्हाळ्यातले आठ आठवडे, आठवड्याला आठ तास सक्तीच्या सरावासाठी अधिकृतपणे मिळाले.

उन्हाळ्यातला सराव अधिकृत होण्याआधीही जिवावर बेतत होता, आणि अधिकृत झाल्याने तो सुरक्षित झाला असंही नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा फुटबॉलपटू रशिदी व्हीलर अशाच ‘ऐच्छिक’ धावण्यात कोसळला आणि गेला. २००३ पासून सरावाचे पहिले पाच दिवस शरीराला उन्हाची सवय लावण्यासाठी राखले गेले, पहिले दोन दिवस तर संरक्षक साहित्यात हेल्मेटपलीकडे काही नाही. दिवसातून दोनदा एकमेकांना धडका देण्याचे सराव २०१७ मध्ये बंद झाले. पण हे नियम ऑगस्टचे. मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर कोसळला तो २९ मे २०१८ ला, सुट्टीतल्या व्यायामात ११० यार्डांच्या धावा घेताना. उष्माघात झालेल्या माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बसवायचं असतं, ते झालं नाही. १३ जूनला, एकोणीस वर्षांचा असताना तो गेला. विद्यापीठाने पुढे जबाबदारी मान्य केली.

सुट्टीला जुनी चव उरली असलीच तर ती बेसबॉलमध्ये. मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड लीग १९६३ पासून कॉलेज खेळाडूंची आहे. दहा गावांचे दहा संघ, तिकीट नाही, मैदानात टोपी फिरवून वर्गणी. पोरं गावातल्याच एखाद्या कुटुंबाकडे पाहुणा म्हणून राहतात आणि सकाळी लहान मुलांना खेळ शिकवतात. पूर्वी किराणा दुकानात पिशव्या भरण्याचं कामही करत. कॉलेजमध्ये ॲल्युमिनियमची बॅट चालते, इथे १९८५ पासून पुन्हा लाकडी. त्यामुळे व्यावसायिक संघांचे पारखी दोन महिने तिथे ठाण मांडून असतात. म्हणजे तीही शेवटी परीक्षाच, पण खारं वारं खात दिलेली.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. जाहिराती, स्वाक्षऱ्या, मुलांची शिबिरं यांना मोकळा वेळ लागतो, आणि तो असतो उन्हाळ्यातच. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही खेळाडूंना खेळातल्या कमाईचा थेट वाटा देऊ लागली. जिम थॉर्पला ज्याची शिक्षा झाली, ते आता करारपत्रात येतं.

परदेशी विद्यार्थ्यांची मात्र कोंडी झाली आहे. पुण्याची ऋतुजा भोसले, जिने २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, ती याच टेक्सास ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळली, पण हे पैशांचे नियम येण्याआधी. आज तिच्या जागी असलेल्या मुलीला विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर सहसा कमाई करता येत नाही. शेजारची अमेरिकन मैत्रीण जाहिरातीचं शूटिंग उरकून येते. हिने फार तर कॅम्पसमधल्या लायब्ररीत काम करावं. काँगोच्या ऑस्कर शिब्वेने यातून वाट काढली. हा केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघ हंगामपूर्व सामन्यांसाठी बहामाला गेला, आणि अमेरिकेची हद्द सुटल्यामुळे त्याने सामने आणि सराव यांच्यामधल्या वेळात जाहिरातींची कामं भराभर उरकून घेतली.