ख्लेब
ख्लेब : स्लाव्हिक भाषांतील ‘पाव’ या अर्थाचा शब्द. रशियन व पोलिश ख्लेब, बल्गेरियन ख्ल्याब, सर्बियन ह्लेब. त्याचे जर्मानिक सगोत्र म्हणजे गॉथिक (आता लुप्त झालेली एक जर्मानिक भाषा) ह्लाइफ्स, प्राचीन इंग्रजी ह्लाफ (आजचा लोफ) आणि जर्मन लाइब.

दोन्ही गटांना हा शब्द एकाच इंडो-यूरोपीय मूळातून स्वतंत्रपणे मिळाला, असे एक मत आहे. परंतु ध्वनिनियम त्याच्या आड येतात. जर्मानिक ‘ह्ल’ हा मूळच्या ‘क्ल’पासून झाला. मूळ ‘क’ तालव्य (जीभ टाळूकडे नेऊन उच्चारलेला) असेल तर स्लाव्हिकमध्ये त्याच्या जागी ‘स’ येतो : इंग्रजी लाउड (प्राचीन ह्लूद), संस्कृत श्रुत, श्रवस् आणि स्लाव्हिक स्लोवो (शब्द), स्लावा (कीर्ती) हे एकाच धातूचे आहेत. ‘क’ तालव्य नसेल तर तो स्लाव्हिकमध्ये तसाच राहायला हवा. आरंभीचा ‘ख’ दोन्ही वाटांनी मिळत नाही; जर्मानिक ‘ह’ ऐकून घेतला असे मानले तरच तो उलगडतो. त्यामुळे स्लाव्हिकने हा शब्द जर्मानिककडून उसना घेतला, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. देणारी भाषा गॉथिक की तिच्याही आधीची जर्मानिक, याविषयी मतभेद आहेत. स्लाव्हिकमध्ये ‘आइ’ या संयुक्त स्वराचा एकस्वर होण्यापूर्वी शब्द आला असावा, एवढे मात्र म्हणता येते. फिनिश लेइपा व लाटव्हियन क्लाइप्स हेही जर्मानिककडूनच आलेले मानतात. बाल्टिक भाषांत ‘ख’ नसल्याने तेथे ‘क’ आला.

बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’ या ठिकाणी चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक अनुवादात ह्लाइफ आहे, तर प्राचीन चर्च स्लाव्हिकमध्ये ख्लेबु. हा शब्द दोन्हीकडे किती मुरला होता, ते यावरून दिसते.

इंग्रजीतील लॉर्ड हा ह्लाफवेअर्द, म्हणजे ‘पावाचा राखणदार’, आणि लेडी हा ह्लॅफदीगे, म्हणजे ‘पाव मळणारी’. लेडीच्या उत्तरपदातील मळण्याचा धातू संस्कृत ‘दिह्’शी (लिंपणे) जुळतो, ‘देह’ त्याच धातूचा. ब्रेड हा शब्द प्राचीन इंग्रजीत मुख्यतः ‘तुकडा’ या अर्थी होता. तो रूढ झाल्यावर लोफ केवळ अख्ख्या पावापुरता उरला. स्लोव्हेनियनमध्येही असेच घडले : तेथे ह्लेब म्हणजे अख्खा पाव, आणि सर्वसामान्य शब्द क्रुह, ज्याचा संबंध ‘मोडणे, कुस्करणे’ या अर्थाच्या धातूशी लावतात.